मापमावशीचे दीड सेंटिमीटर

बेचाळीस वर्षं एकाच खोलीत उभं राहून एकाच गावाची उंची मोजायची, हे काम ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा. पहिल्याच आठवड्यात कंटाळून पळ काढाल. मापमावशी पळाली नाही. तिला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं, आणि तिचे तीन महिने अजून संपायचे आहेत.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. मोठे डॉक्टर त्या उतारावरच्या छोट्या गावात आले आणि त्यांनी एक विचित्र बेत सांगितला. गावातल्या पंचवीस ते पंचेचाळीस वयाच्या सगळ्यांची नावं लिहून घ्यायची, सगळ्यांना तपासायचं, आणि मग दर पाच वर्षांनी पुन्हा तपासायचं. किती वर्षं? तर ती माणसं जगतील तितकी. कुणाचं हृदय दमतं, कुणाची साखर वाढते, कोण काय खातं, किती चालतं, आणि शेवटी कोण कशानं जातं, सगळं लिहून ठेवायचं. गाव हसलं. "आम्ही मरेपर्यंत तुम्ही वाट बघत बसणार काय?" असं एकानं विचारलं, तर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हो, पण घाई करू नका."

चौदाशे माणसांनी नावं दिली. मापमावशीचं नाव त्यात नव्हतं, एका वर्षानं हुकलं. म्हणून तिला पट्टीच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं. अक्षर गोल आणि स्वच्छ, आणि तोंडाला कुलूप, एवढ्या दोन गुणांवर निवड झाली. हे दुसरं महत्त्वाचं. छोट्या गावात कुणाचं वजन किती, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं गप्प राहणं म्हणजे खायचं काम नाही. तिनं स्वतःच्या नवऱ्याला कधी एक आकडा सांगितला नाही.

आता नवराही कसा मिळावा? शिंपी! चौकातलं दुकान त्याचं. म्हणजे एका घरात मोजणारी दोन. ती सेंटिमीटरवाली, तो इंचवाला. ती म्हणायची, "अहो, जग कुठं गेलं, तुम्ही अजून इंचांत अडकलात." तो म्हणायचा, "जग कुठंही जाऊ दे, कंबर इंचांतच वाढते." त्यानं बायकोला कधी कुणाचं वजन विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. गावातल्या प्रत्येक पॅन्टची शिलाई त्यानंच उसवून सैल केलेली.

मावशीची रीत ठरलेली. सकाळी आठला दार उघडायचं. वजनकाट्यावर वीस किलोचं लोखंडी वजन ठेवून काटा बरोबर आहे ना ते बघायचं. रक्तदाबाच्या यंत्राची नळी फुगवून तपासायची. श्वास फुंकायच्या नळ्या धुवून मांडायच्या. आणि मग उंचीच्या पट्टीवरून फक्त फडकं फिरवायचं. ती पट्टी म्हणजे भिंतीला स्क्रूनं घट्ट बसवलेली लाकडी फळी, खाली जमिनीपासून वर दोन मीटरपर्यंत आकडे कोरलेली. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः बसवलेली. तिला काय तपासायचं? लाकूड काय आजारी पडतं का?

उलट तिला कुणी धक्का लावू नये म्हणून मावशीनं लाल शाईनं एक पाटी लिहून तिच्यावर चिकटवली होती. "या पट्टीला कुणीही हात लावू नये." आणि कुणाची छाती होती हात लावायची! मावशी एरवी लोण्यासारखी मऊ, पण पट्टीच्या बाबतीत वाघीण.

माणूस पट्टीखाली उभा राहिला की तिचं एकच पालुपद. "चपला बाहेर. टाचा भिंतीला. हनुवटी सरळ. वर छताकडं काय बघता, तिथं काही लिहिलेलं नाही." बेचाळीस वर्षांत तिनं गावाला पोक काढताना बघितलं. ज्या पोरींना बघून गावातले पोरगे सायकली खांबांवर आपटायचे, त्या आता काठी भिंतीला टेकवून उभ्या राहायच्या. चौदाशेंपैकी सहाशे अकरा उरले होते, सगळे सदुसष्टच्या पुढचे. गेलेल्या प्रत्येकाच्या पानावर तिनं स्वतःच्या हातानं शेवटची तारीख लिहिली होती आणि प्रत्येक वेळी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं होतं, "आज चहा तुम्ही करा."

मोठे डॉक्टरही त्याच वर्षांत गेले. जाताना तिला म्हणाले होते, "हे बघ, यंत्रं कुठूनही आणता येतात. माणसं बोलावल्यावर येतात, हे कुठून आणणार? तेवढं सांभाळ." तेवढं तिनं सांभाळलं.

त्यांच्या जागी डॉक्टरीणबाई आल्या. वय पस्तीस, हुशार, पाय जमिनीवर असलेल्या. नववी फेरी त्यांनी पुरी केली आणि आकडे जुळवताना त्या उडाल्याच. म्हातारपणी माणूस पाच वर्षांत सेंटिमीटर दीड सेंटिमीटर खचतोच. आणि या गावची माणसं? होती तेवढीच! कुणाकुणाची उंची थोडी कमी झाली होती, पण एकंदर गाव जागच्या जागी. म्हणजे इथल्या हाडांत काहीतरी विशेष आहे. चढणीवरचं चालणं असेल, पाणी असेल, काय असेल ते शोधायचं. त्यावर मोठा अहवाल तयार झाला. तो सोमवारी जायचा होता. त्याच्यावर पुढच्या दहा वर्षांच्या कामाची परवानगी अवलंबून होती, कारण वरचे लोक आता विचारायला लागले होते की या म्हाताऱ्यांना अजून किती वर्षं मोजत बसणार.

गावाला बातमी लागली आणि गाव अंगभर फुललं. ऐंशी वर्षांचे आजोबा दुकानात शिरताना उगाच दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकायला लागले. चौकट सात फुटांची! रंगाऱ्यानं वेशीवर लावायला फलकही रंगवायला घेतला, "ताठ माणसांचं गाव".

त्या रविवारी दुपारी मावशीच्या घरी नणंद आली होती. शिंप्याची मोठी बहीण. पस्तीस वर्षं तिनं गावात टपाल वाटलं. उंच, शिडशिडीत, पायाला भिंगरी. हल्ली तिची पाठ दुखायची. मार्चमध्ये माप घेताना ती मावशीला म्हणाली होती, "अगं, मला वाटतं मी खचतेय." मावशीनं मागच्या फेरीचा आकडा काढून दाखवला होता. "दोन सेंटिमीटर फक्त, वन्सं. एवढं वयाचं चालतं. तीनच्या वर गेलं तर आम्ही हाडांचा फोटो काढायला पाठवतो. तुमचं काही नाही. वही खोटं सांगत नाही."

आणि वन्संनी तिच्यावर विश्वास ठेवला होता. ठेवणारच. सगळं गाव ठेवत होतं.

तर त्या दुपारी वन्संनी आपला लांब कोट भावापुढं टाकला. "हा जरा आखूड कर रे. चालताना पायात येतो."

शिंप्यानं तिला उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या, खाली बसला आणि कडा दुमडली. मग टेप लावली. मग पुन्हा लावली. मग उठून कपाटातून जुनी मापवही काढली. पाच वर्षांपूर्वीचा कोट, महिना मार्च, म्हणजे आठवी फेरी चालू होती तोच महिना. कडा घोट्याच्या वर चार बोटं, असं स्वच्छ लिहिलेलं.

वन्सं स्वयंपाकघरात गेल्यावर तो बायकोला हळूच म्हणाला, "अगं, ताई दीड इंच खचलीय."

"दोन सेंटिमीटर," मावशी म्हणाली. "मी स्वतः मोजलंय."

"दोन सेंटिमीटर म्हणजे इंचही होत नाही. मी दीड इंच दुमडलंय."

"टेप बदला मग. ताणून ताणून सैल झाली असेल."

शिंप्यानं टाचण्या तोंडातून काढल्या. "बाईसाहेब, ताणलेली टेप कमी दाखवते, जास्त नाही. चाळीस वर्षं झाली मला. आणि एकट्या ताईचं नाही. तुमचा तो अहवाल ऐकल्यापासून मला सांगू की नको झालंय. म्हातारी माणसं खचत नाहीत म्हणे! मग वर्षभर मी काय करतोय? पॅन्टी आखूड करतोय. सगळ्यांच्या! गाव ताठ आहे, मग कपडे काय रात्रीतून वाढले?"

मावशी भडकली. इतकी की तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. बेचाळीस वर्षांत तिच्या आकड्याला कुणी बोट लावलं नव्हतं, आणि लावलं कुणी तर घरच्याच शिंप्यानं! "तुम्ही तुमची कात्री सांभाळा," ती म्हणाली आणि भांडी अशी घासायला लागली की भांड्यांचीच दया यावी.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला की लागला. सोमवारी ती सातलाच दवाखान्यात पोचली. दार उघडलं. दार उघडताना तिला एक गोष्ट आठवली. तीन वर्षांपूर्वी हेच दार सुताराकडून खालून तासून घ्यावं लागलं होतं. का? तर दार जमिनीला घासत होतं. का घासत होतं? तर खोलीत नवी फरशी बसवली होती. जुन्या सिमेंटवर अनवाणी उभं राहताना म्हाताऱ्यांचे पाय गारठायचे, म्हणून मावशीनंच डॉक्टरीणबाईंच्या मागं भुणभुण लावून ती बसवून घेतली होती. जुन्या जमिनीवरच मसाला घालून वरून फरशी.

मावशी पट्टीपुढं उभी राहिली. मग गुडघे टेकून खाली बसली. बेचाळीस वर्षं ती पट्टीच्या वरच्या टोकाकडं बघत आली होती. खाली कोण बघतो? गुडघ्याएवढा माणूस तपासायला येत नाही.

तळाशी शून्य नव्हतं. एकचा आकडाही नव्हता. फरशीवाल्यानं पट्टीच्या भोवतीनं फरशी इतकी सुबक कापली होती की मधून केससुद्धा जाऊ नये. लाल पाटी वाचली असणार त्यानं, हात लावू नये म्हणजे नये. पट्टी जिथल्या तिथं राहिली आणि जमीन वर आली. दीड सेंटिमीटर. फरशीतून अर्धवट दोनचा आकडा तिच्याकडं बघत होता.

लोकांच्या पायाखालची जमीन सरकते म्हणतात. हिच्या पायाखालची वर चढली होती, आणि हिला तीन वर्षं पत्ता नाही!

ती तिथंच बसून राहिली. रडली, हे सांगायला काही हरकत नाही. नाव जाईल म्हणून रडली, पण त्याहून जास्त वन्संसाठी रडली. दोन नव्हे, साडेतीन. तीनच्या वर. मार्चमध्येच फोटो काढायला पाठवायला हवं होतं. म्हातारी पाठ दुखते म्हणून सांगत होती आणि आपण तिला वही दाखवली.

साडेआठला डॉक्टरीणबाई आल्या. हातात अहवालाचं जाड पाकीट, दहाच्या गाडीनं जायचं म्हणून. मावशीनं काही प्रस्तावना केली नाही. "बाई, खाली बसा आणि हे बघा."

त्या बसल्या. बघितलं. कंपासपेटीतली पट्टी आणून फरशीच्या कडेला लावली.

"हे कुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"मला. आणि आता तुम्हाला."

पाकीट बाईंच्या मांडीवर होतं. तीन वर्षांची मेहनत होती त्यात, आणि पुढची दहा वर्षं. मावशीला कळत होतं की आता या बाई जे बोलतील त्यावर त्या कोण आहेत ते कळेल. आणि तिला हेही कळत होतं की त्या गप्प बसू म्हणाल्या तरी आपण गप्प बसणार नाही. बेचाळीस वर्षं लावलेलं कुलूप आज उघडायचं होतं.

"मावशी," बाई म्हणाल्या, "या फेरीतले सगळेच्या सगळे या फरशीवरच मोजले ना? अर्धे आधी, अर्धे नंतर असं नाही?"

"नाही. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत याच फरशीवर."

बाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की फुंकायच्या नळीत सोडला असता तर काटा मोडला असता. "मग सुटलो! सगळ्यांचं सारखंच चुकलंय. म्हणजे सगळ्यांचं सारखंच दुरुस्त होईल. उठा. वह्या काढा."

पाकीट टेबलाच्या खणात गेलं. दोघी दुपारपर्यंत बसल्या. सहाशे अकरा नावं, प्रत्येकातून दीड वजा. खचल्याचा आकडा तीनच्या वर गेला की लाल खूण. मध्येच बाईंनी शिंप्याची मापवही मागवली. तो स्वतःच घेऊन आला आणि इंचांचे सेंटिमीटर करायला बाजूला बसला. बायकोपुढं चहाचा कप ठेवताना म्हणाला, "साखर घातलीय. चालेल ना, की वहीत बघू?" तिनं त्याला चिमटा काढला, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

सदतीस लाल खुणा झाल्या. सदतीस माणसं, ज्यांना "तुमचं काही नाही" म्हणून घरी पाठवलं होतं. एकोणिसावं नाव वन्संचं.

"मला कामावरून कमी करा," मावशी म्हणाली.

"राजीनामा सवडीनं द्या," बाई म्हणाल्या. "आधी सदतीस घरं आहेत. तुम्ही गेलात तरच ती माणसं फोटो काढायला जातील. माझं कोण ऐकतंय? आणि दिव्याखालचा अंधार तुमच्या एकटीचा नव्हता. मीही त्याच फरशीवर तीन वर्षं चपला घालून फिरले."

मावशी पहिली वन्संकडं गेली. उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, बसायच्या आधी. "वन्सं, माझं चुकलं. तुम्ही बरोबर होता आणि मी तुम्हाला वही दाखवली."

वन्संनी तिला आत घेतलं आणि पाणी दिलं. मग म्हणाल्या, "राग आलाय मला. खोटं कशाला बोलू? चार महिने रात्री कूस बदलता येत नाही." मावशीनं मान खाली घातली. "पण ऐक. पस्तीस वर्षांत मी किती पत्रं चुकीच्या घरी टाकली असतील! कळलं की परत जायचं, दार वाजवायचं, पत्र मागून घ्यायचं, खऱ्या घरी द्यायचं. शिव्या खायच्या. न कळल्यासारखं करून घरी बसली असतीस तर मी तुझं तोंड बघितलं नसतं. ऊठ आता, छत्तीस घरं राहिलीत तुझी."

वन्संच्या हाडांचा फोटो निघाला. पाठीचा एक मणका चेपला होता आणि बाकीचे पोकळ व्हायला लागले होते. पण पडून खुबा मोडायच्या आधी कळलं होतं. औषध सुरू झालं, वाकायला बंदी झाली. सदतीसपैकी सव्वीस जणांचं तसंच निघालं. सव्वीस माणसं पडायच्या आधी सापडली.

अहवाल नव्यानं लिहिला गेला. त्यात फरशी होती, लाल पाटी होती आणि शिंप्याची मापवहीसुद्धा. वरून उत्तर आलं की सहाशे अकरा जणांना पुन्हा मोजा, किती येतात ते बघू, मग पुढच्या दहा वर्षांचं बोलू.

गावात तिची चेष्टा चाललीच होती. फलक अर्धवट रंगवून पडला होता. वाण्याच्या दुकानात एक जण म्हणाला, "मावशी, माझी उंची किती धरू? फरशीसकट की फरशीशिवाय?" चेष्टा परवडली हो, पण ज्या माणसाला एकदा चुकीचं माप दिलं तो दुसऱ्यांदा कशाला येईल? आणि ती आली नाहीत तर बेचाळीस वर्षं मातीत. मोठ्या डॉक्टरांनी सांभाळायला दिलेली एकच गोष्ट, तीच गेली असती.

मोजणीच्या दिवशी ती सातला पोचली. पट्टी काढून नव्या फरशीवर नीट बसवलेली होती. लाल पाटी तिनं स्वतःच खरवडून काढली होती. कोपऱ्यावर वळली आणि थबकली. दवाखान्याच्या दारापासून पार चौकापर्यंत रांग होती. काठ्या, घरून आणलेल्या खुर्च्या, गळ्यातले मफलर, आणि सकाळी सातला सगळ्यांची तोंडं एकदम चालू.

"काय हो मावशी, उशीर?" मागून कुणीतरी ओरडलं. "दार उघडा, आम्ही इथं उभ्या उभ्या खचतोय!"

रांगेत सगळ्यात पुढं वन्सं होत्या, आखूड केलेल्या कोटात.

मावशीनं दार उघडलं. वजन ठेवून काटा बघितला, नळी फुगवून बघितली. वन्संनी चपला बाहेर काढल्या, आत आल्या आणि पट्टीपुढं येऊन थांबल्या. उभ्या मात्र राहिल्या नाहीत.

"मला वाकायला बंदी आहे," त्या म्हणाल्या. "तू वाक. खाली काय आहे ते मोठ्यानं सांग. बाहेरच्यांना ऐकू जाऊ दे."

मावशी गुडघ्यांवर बसली. फरशीला बोट लावलं, पट्टीला बोट लावलं. डोळे पाण्यानं भरले होते, म्हणून पुसून पुन्हा बघितलं.

"शून्य आहे, वन्सं."

"बाहेर ऐकू गेलं का रे?" वन्संनी मान वळवून विचारलं.

"गेलं, गेलं!" रांग ओरडली.

"मग घे माप," वन्सं म्हणाल्या, आणि टाचा भिंतीला लावून, हनुवटी सरळ करून उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून गावाला ती सवयच लागली. जो येतो तो आधी खाली बघतो, ज्याला वाकता येत नाही तो मावशीला वाकायला लावतो. दिवसातून साठ वेळा गुडघे टेकून मावशीची कंबर मोडायची वेळ आली, पण तिनं एकदाही कुरकुर केली नाही. आठवडा संपला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. सहाशे अकरापैकी सहाशे चार आले होते. उरलेले सात अंथरुणाला खिळलेले, त्यांच्या घरी मावशी टेप घेऊन स्वतः गेली. टेप नवऱ्याकडून मागून घेतली होती. इंचांची.